हॅटीसबर्गचा मोबील स्ट्रीट: युद्धकाळात गच्च भरलेला रस्ता आज एवढा मोकळा का?

जुना_नकाशा (धागाकर्ता)

मिसिसिपी राज्यातल्या हॅटीसबर्गच्या जुन्या बाजारपेठेत, एकमेकांपासून काही मिनिटांच्या चालीवर दोन रस्ते आहेत: मेन स्ट्रीट आणि मोबील स्ट्रीट. पहिला गोऱ्यांचा बाजार, दुसरा काळ्यांचा. १९४० मध्ये गावाची लोकसंख्या होती २१,०२६. दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवरची कॅम्प शेल्बी ही लष्करी छावणी त्याच वर्षी पुन्हा उघडली आणि गावाच्या कितीतरी पट सैनिक तिथे येऊन राहिले. सुटीच्या दिवशी हे दोन्ही रस्ते माणसांनी ओसंडून वाहायचे.

आज मेन स्ट्रीटच्या बाजूला इमारतींची ओळ बरीचशी शाबूत आहे. १९२९ चं सेंगर थिएटर चालू आहे आणि १९१० चं रेल्वे स्टेशन दुरुस्त होऊन २००७ पासून पुन्हा वापरात आलं. मोबील स्ट्रीटवर मात्र मोजक्या इमारती आणि त्यांच्या मधे गवत.

"मॉल आला आणि बाजार गेला" हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. मॉल दोन्ही रस्त्यांसाठी आला होता. मग एकच का रिकामा झाला? वीटकाम, कर, पूर, मालकीहक्क यांतलं ज्यांना कळतं त्यांनी नेमकं लिहावं. आठवणींचे धागे पुष्कळ आहेत, इथे कारणं हवीत.

टवाळ_पोर

शीर्षक वाचून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांचा रस्ता वाटला. वाचतोय.

दक्षिणवारा

@टवाळ_पोर, उच्चार मोबील, 'बी'वर जोर. अलाबामातल्या बंदराचं नावही असंच उच्चारतात. तिथे जाऊन 'मोबाइल स्ट्रीट' विचारलंत तर दुकानदार हसेल, पण पत्ता नीट सांगेल.

आता विषयाकडे. युद्धाची भरभराट कुठून आली ते आधी पाहू. सैन्यातल्या साध्या शिपायाचा पगार सुरुवातीला महिना २१ डॉलर होता, जून १९४२ पासून ५० डॉलर झाला. पैसे महिन्यातून एकदा हातात येत. काळ्या सैनिकाला मेन स्ट्रीटवरची उपाहारगृहं, थिएटरच्या खालच्या खुर्च्या, न्हाव्याची दुकानं बंद. म्हणजे त्याचा सगळा खर्च वेगळेपणाच्या कायद्यांनी या एकाच रस्त्यावर आणि आसपासच्या दोन-चार गल्ल्यांत कोंबला. गर्दी तेवढी का होती याचं उत्तर याच कोंडीत आहे. जवळच ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर २२ मार्च १९४२ ला काळ्या सैनिकांसाठी यूएसओ क्लब, म्हणजे सुटीतल्या विरंगुळ्याची जागा, उघडला. ती लाकडी इमारत आजही उभी आहे आणि २००९ पासून तिथे आफ्रिकन अमेरिकन सैनिकांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.

रेवा_क

याला जोडून एक. १९४३ मध्ये शेल्बीत हवाई बेटांवरचे आणि मुख्य भूमीवरचे जपानी वंशाचे अमेरिकन सैनिक प्रशिक्षणाला आले: १०० वी बटालियन आणि ४४२ वी रेजिमेंट. त्यांना गावात 'गोऱ्यांच्या' दारांनी जायला सांगितलं गेलं. त्यातल्या काहींची कुटुंबं त्याच वेळी सरकारनेच काटेरी तारांआड ठेवलेली होती. कोणत्या दारातून कोण जाणार हे कातडीच्या रंगानेही धड ठरत नव्हतं, अधिकाऱ्याच्या आदेशाने ठरत होतं. त्या काळातल्या दुकानांची यादी वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

जुना_नकाशा

यादी वाचण्यावरून: ज्यांना स्वतः शोध घ्यायचाय त्यांच्यासाठी पद्धत लिहितो.

सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे घ्या. प्रमाण ५० फुटांना १ इंच. गुलाबी रंग म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकडी सांगाडा, निळा म्हणजे दगड किंवा काँक्रीट. 'एस' म्हणजे दुकान, 'डी' म्हणजे राहतं घर. मजल्यांचा आकडा कोपऱ्यात असतो. सगळ्यात मोठी चूक होते ती तारखेत. कंपनी नवीन नकाशा न छापता जुन्यावर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवत असे. मुखपृष्ठावर १९२० च्या दशकातलं साल दिसतं आणि आतली एखादी इमारत युद्धानंतरची निघते. म्हणून दुरुस्त्यांचा तक्ता आधी वाचायचा, चिठ्ठीच्या कडा भिंगातून पाहायच्या.

मग शहराच्या डिरेक्टरीतला रस्तावार भाग नकाशाशी जुळवायचा. दक्षिणेतल्या कित्येक डिरेक्टऱ्यांत काळ्या माणसाच्या नावापुढे कंसात 'सी' ('कलर्ड', म्हणजे काळा) हे अक्षर छापत. ते आज वाचताना अंगावर येतं, पण कुठलं दुकान कुणाचं होतं हे कळायचा तोच एक मार्ग उरतो. दुकानदार आणि मालक एकच होते का, हे मात्र डिरेक्टरीत मिळत नाही. त्यासाठी काउंटीच्या कचेरीत खरेदीखतांची वही बघावी लागते. भाडेकरू आणि मालक यांत गल्लत केली की पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात.

वीट_आणि_चुना

इमारतींबद्दल लिहितो. अशा गावांतला व्यापारी गाळा साधारण २५ फूट रुंद, मागे १०० फूट किंवा जास्त खोल. दोन गाळ्यांच्या मधली भिंत सामाईक. लाकडी तुळया एका सामाईक भिंतीपासून दुसरीपर्यंत जातात, मधे खांब नाही. भिंतीत शिरणारं तुळईचं टोक तिरकं कापलेलं असतं. आगीत तुळई मधे तुटली तर ते टोक खोबणीतून अलगद निसटून खाली पडावं, भिंतीला कोलदांड्यासारखं उचकटू नये, म्हणून.

आता रिकाम्या गाळ्याचं काय होतं बघा. छताचा उतार मागच्या बाजूला असतो. मागचं पन्हाळं तुंबतं, पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरतं आणि नेमकी तुळईची टोकं कुजतात. टोकं गेली की दोन मजली भिंतीला आडवा आधार राहत नाही. बाहेरून इमारत धडधाकट दिसते, पण ती पत्त्यासारखी उभी असते. पुढचं वादळ निमित्त होतं. हॅटीसबर्गला १० फेब्रुवारी २०१३ आणि २१ जानेवारी २०१७ असे चार वर्षांत दोन मोठे टॉर्नेडो (भोवऱ्यासारखी फिरणारी वादळं) भिडले. पहिल्यात १९२१ ची युरेका शाळा, काळ्या मुलांसाठी बांधलेली विटांची इमारत, चांगलीच जखमी झाली.

आणि धाग्याच्या प्रश्नाचा एक तुकडा इथे आहे. ओळीतली *एक* इमारत पाडली की शेजारची सामाईक भिंत उघडी पडते. ती कधीच पाऊस खायला बांधलेली नव्हती. आतल्या बाजूला भट्टीत नीट न भाजलेल्या, फिकट, मऊ विटा वापरत. दर्शनी बाजूला कडक वीट, आत मऊ. उघड्या पडल्यावर काही वर्षांत त्यांचा भुगा होतो. मग ती इमारतही 'धोकादायक' ठरते, पाडली जाते आणि तिसरी उघडी पडते. रस्ता असा एकेक दात पडत रिकामा होतो.

चुनखडी

+१. उघड्या पडलेल्या भिंतीवर लोक काय करतात? सिमेंटचा गिलावा किंवा पाणीरोधक रंग. दोन्हींनी मरण लवकर येतं. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही, मग वीट आतून सोलते. चुन्याचा गिलावा हवा, दोन-तीन पातळ थरांत.

सिमेंटवाला

प्रत्येक धाग्यावर चुना! नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत पोर्टलंड सिमेंट सर्रास मिळत होतं. १९२०-३० च्या यंत्रावर दाबलेल्या दर्शनी विटा भरपूर कडक असतात. तिथे सांध्यांना टाइप एन मसाला (१ सिमेंट : १ चुना : ६ वाळू) अगदी चालतं. सगळीकडे शुद्ध चुना वापरून पावसाळी गावात कामं वाया गेलेली आहेत.

वीट_आणि_चुना

@सिमेंटवाला, दर्शनी भिंतीपुरतं मान्य. बाजूच्या आणि मागच्या भिंतींना मात्र टाइप एन जड जातं. तिथे टाइप ओ (१ : २ : ९) किंवा त्याहून मऊ. नियम एवढाच की सांधा विटेपेक्षा मऊ असावा. हालचाल झाली तर सांध्याला तडा जावा, तो पुन्हा भरता येतो. वीट गेली की गेली.

सांधा भरायचं काम असं: जुना मसाला सांध्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल काढायचा. ३/८ इंची सांधा असेल तर पाऊण ते एक इंच. उभ्या सांध्यांत ग्राइंडर घालायचा नाही, वरच्या-खालच्या विटांच्या कडा कापल्या जातात. तिथे हातोडी आणि अरुंद छिन्नीच. धूळ काढून भिंत आदल्या दिवशी भिजवायची. भरताना वीट ओलसर पण वर पाणी न तरंगणारी. पाव इंचाचे थर द्यायचे, अंगठ्याचा ठसा उमटेल इतका थर आवळला की पुढचा. एकदम कोंबला तर आकसून मागे पोकळी राहते. नंतर निदान तीन दिवस ओलं गोणपाट. मिसिसिपीच्या जुलैत हे टाळलंत तर चुना घट्ट व्हायच्या आधीच वाळतो आणि बोटाने खरवडता येतो.

वाळूचे कण मारून विटा 'साफ' करणं पूर्ण बंद. भाजणीत तयार झालेली वरची कडक कातडीच निघून जाते.

सिमेंटवाला

ठीक. बाजूच्या भिंतींबाबत मागे घेतो. पण पायाला लागून असलेल्या पहिल्या दोन फुटांत, जिथे फुटपाथचं पाणी उडतं, तिथे निव्वळ चुना टिकत नाही हे माझं मत कायम.

वीट_आणि_चुना

तिथे नैसर्गिक हायड्रॉलिक चुना वापरावा. तो ओलाव्यातही घट्ट होतो. आणि आधी फुटपाथचा उतार तपासा. पुष्कळदा डांबराचे थर चढून रस्ताच उंच झालेला असतो.

हिशेबनीस

वीट-चुन्याचे पैसे कुठून येतात ते बोलू, कारण दोन्ही रस्त्यांचा फाटा इथे फुटतो.

उत्पन्न देणाऱ्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर केंद्राची २० टक्के करसवलत आहे. ती पाच वर्षांत समान हप्त्यांनी मिळते. मिसिसिपी राज्याची वर २५ टक्के. अट अशी की २४ महिन्यांत इमारतीच्या शिल्लक किमतीपेक्षा (जमीन वगळून) जास्त खर्च व्हायला हवा, किमान ५,००० डॉलर. समजा इमारत ६०,००० ला घेतली, त्यात जमीन १०,००० ची. मग ५०,००० च्या वर खर्च हवा. २ लाख खर्च केले तर केंद्राकडून ४०,०००, म्हणजे वर्षाला ८,०००, आणि राज्याकडून ५०,०००. छप्पर, वायरिंग, नळकाम, वातानुकूलन धरतात. जमिनीची किंमत, वाहनतळ, नवीन वाढीव बांधकाम धरत नाहीत.

इमारत ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत स्वतः असावी लागते किंवा नोंदलेल्या परिसराच्या महत्त्वात भर घालणारी ठरावी लागते. लोक अडखळतात ते दुसऱ्या अर्जाच्या टप्प्यावर: मंजुरीआधीच लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवतात, दुकानातलं पत्र्याचं नक्षीदार छत उतरवतात. मग अर्ज नामंजूर. काम संपल्यावर पाच वर्षांच्या आत विकलं तर सवलतीचा भाग परत द्यावा लागतो.

मूळ मुद्दा: मोकळ्या प्लॉटला यातलं काहीही मिळत नाही. आणि ओळीत खिंडारं फार झाली की 'परिसर' म्हणून नोंदणी मिळवणंच कठीण होतं. म्हणजे १९७०-८० च्या दशकांत ज्या रस्त्याच्या इमारती पडल्या, तो पुढच्या सगळ्या योजनांतून आपोआप वगळला गेला. मेन स्ट्रीटच्या इमारतींनी रिकाम्या का होईना, पण तग धरला, म्हणून त्यांना पैसा लागू झाला.

टवाळ_पोर

म्हणजे रिकामं पडून राहणं फायद्याचं, पडणं तोट्याचं. शब्द एकच आहे, नशीब वेगळं.

गणपुले

छावणीच्या पैशावर फुगलेला बाजार, छावणी ओसरली की बसणारच. शेल्बी तर १९४६ नंतर थंडावली. यात एवढं खोल जायचं काय कारण? आणि वेगळेपण मोडणाऱ्या १९६४ च्या कायद्यानंतर काळे ग्राहक मेन स्ट्रीटवर जायला लागले, मोबील स्ट्रीट संपला. सरळ हिशेब आहे.

रेवा_क

@गणपुले, तारखा जुळत नाहीत. युद्ध संपल्यावर गाव आटलं नाही, वाढलं: १९५० ला २९,४७४, १९६० ला ३४,९८९. पाइनच्या बुंध्यांपासून राळ काढणारा हर्क्युलिसचा कारखाना १९२३ पासून २००९ पर्यंत चालला. मोबील स्ट्रीट १९६४ पर्यंत चांगला जिवंत होता. हॅमंड स्मिथ यांचं औषधाचं दुकान तिथेच होतं. ५०७ क्रमांकाचं वुड्स गेस्ट हाउस त्या उन्हाळ्यात मतदार नोंदणीच्या मोहिमेचं कार्यालय होतं. ते चालवायला जागा मिळाली, कारण मालकीण काळी होती आणि गोऱ्या घरमालकाची परवानगी लागत नव्हती. (ती इमारत पुढे जळाली.)

ग्राहक विभागले गेले हे खरं. पण कायद्याने दार दोन्हीकडून उघडलं होतं. काळे ग्राहक मेन स्ट्रीटवर गेले, गोरे ग्राहक मोबील स्ट्रीटवर आले नाहीत. वेगळेपण मोडल्यामुळे रस्ता मेला असं म्हणणं मला पटत नाही, अर्धंच मोडल्यामुळे त्याचं नुकसान झालं.

दक्षिणवारा

रेवा यांच्या मुद्द्याला कर्जाची बाजू जोडतो. युद्धावरून परतलेल्यांना घर, शेती, धंद्यासाठी सरकारी हमीची कर्जं होती. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या अशा ३,२२९ कर्जांपैकी काळ्या माजी सैनिकांना मिळाली २. दोनशे नाही, दोन. हमी सरकारची असली तरी कर्ज द्यायचं की नाही हे स्थानिक बँक ठरवत असे.

याचा परिणाम भिंतीवर दिसतो. एप्रिल १९४२ पासून अनावश्यक बांधकामावर बंदी होती, म्हणून युद्धाची गर्दी जुन्याच गाळ्यांत मावली: वरच्या मजल्यावर लाकडी पार्टिशनं टाकून भाड्याच्या खोल्या, मागच्या अंगणात पत्र्याचं स्वयंपाकघर. १९४५ ला दोन्ही रस्त्यांवरच्या इमारती दमलेल्या होत्या. मेन स्ट्रीटच्या मालकाने कर्ज काढून छप्पर बदललं, पुढे अॅल्युमिनियमचा दर्शनी पडदा लावला. मोबील स्ट्रीटच्या मालकाने गल्ल्यातून जमेल तेवढं ठिगळ लावलं. वीट_आणि_चुना यांनी सांगितलेली तुळईची टोकं तेव्हापासून कुजत होती.

चुनखडी

अवांतर: त्या अॅल्युमिनियमच्या पडद्यांना सगळे शिव्या देतात, पण त्यांनी कित्येक दर्शनी भिंती उन्हापावसापासून झाकून ठेवल्या. काढताना घाई करू नका. आधी जुना फोटो मिळवा. मग एका कोपऱ्यातला एकच पत्रा काढून मागे काय आहे बघा. पुष्कळदा पडदा सपाट बसावा म्हणून वरची नक्षीदार पट्टी तोडलेली असते. मागे कबुतरांची विष्ठा साचलेली असते, श्वसनाचा मुखवटा घातल्याशिवाय हात लावू नका. लोखंडी खुंट्या उपटायच्या नाहीत, भोवती पोखरून काढायच्या. भिंतीत ठेवून वर मसाला भरला तर गंजून फुगतात आणि वीट फोडतात.

पूररेषा

पाण्याचा मुद्दा कुणीच घेतला नाही! हॅटीसबर्गात लीफ आणि बुई या नद्यांचा संगम आहे आणि मोबील-बुई वस्ती सखल बाजूला आहे. एप्रिल १९७४ चा लीफचा पूर मोठा होता. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्राचा कायदा आला होता: पूरक्षेत्रातल्या इमारतीवर बँकेचं कर्ज हवं तर पूरविमा सक्तीचा.

यातला खरा फास ५० टक्क्यांचा नियम आहे. पूरक्षेत्रातल्या इमारतीची दुरुस्ती तिच्या बाजारभावाच्या निम्म्याला पोचली की ती पूर्ण इमारत नव्या नियमांत आणावी लागते: तळमजला पूरपातळीच्या वर उचला, किंवा व्यापारी असेल तर त्या पातळीपर्यंत पाणीबंद करा. बाजारभाव म्हणजे इमारतीचा, जमिनीचा नाही. पडक्या गाळ्याचा भाव ३०,००० असेल तर १५,००० च्या छतानेच तुम्ही नियमात अडकता. ज्या रस्त्याचे भाव पाडलेले, त्याच रस्त्याला नियम लवकर चावतो. सामाईक भिंतींचा गाळा तर उचलताच येत नाही.

सुटका आहे: नोंदवहीतल्या ऐतिहासिक इमारतीला सूट मिळते, दुरुस्तीने तिचा दर्जा जाणार नसेल तर. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नोंदणी, मग दुरुस्तीचा परवाना. उलटं केलंत की अडकलात.

हिशेबनीस

@पूररेषा, फारच कामाचं. वाचनखूण साठवली.

मालकीहक्काचंही तसंच. मृत्युपत्र न करता मालक वारला की इमारत सगळ्या वारसांची अविभक्त होते, आपल्याकडे सातबाऱ्यावर नावांची रांग लागते तशीच. शिकागो, डेट्रॉइटला गेलेल्या नातवंडांचेही हिस्से असतात. कुणा एकाने हिस्सा बाहेरच्याला विकला की तो कोर्टात वाटणी मागतो आणि पूर्वी सगळी मिळकत लिलावात कवडीमोलाने जायची. २०२० पासून मिसिसिपीत नवा कायदा आहे: कोर्टाने मूल्यांकन करून घ्यायचं आणि बाकीच्या वारसांना तो हिस्सा विकत घ्यायची संधी आधी द्यायची.

दुसरं, थकलेला मालमत्ता कर. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी थकबाकीचा लिलाव होतो, सोडवून घ्यायला दोन वर्षं. लिलावात घेतलेल्या मिळकतीचा हक्क स्वच्छ नसतो. कोर्टाकडून हक्कनिश्चिती करून घेतल्याशिवाय मालकीहक्काचा विमा नाही, आणि त्या विम्याशिवाय बँक कर्ज देत नाही. कित्येक प्लॉट या कागदी गाठीत अडकून गवत वाढवत पडतात.

सिमेंटवाला

पार्किंगचं कुणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. १०० फूट कडेला समांतर लावल्या तर साडेचार गाड्या (प्रत्येकी २२ फूट), ६० अंशात तिरप्या लावल्या तर नऊ-साडेनऊ. पण तिरप्याला कडेपासून वीसेक फूट खोली आणि मागे वळायला जागा लागते, म्हणून रस्ते एकेरी केले गेले. एकेरी रस्त्यावर गाड्या वेगाने जातात आणि दुकानं दिसत नाहीत. १९७४ ला क्लोव्हरलीफ मॉल, १९९४ ला टर्टल क्रीक. दोन्हींकडे हवं तेवढं फुकट पार्किंग.

गणपुले

दोन, ही संख्या परत परत वाचली. माझा 'सरळ हिशेब' मागे घेतो. पण मग आता करायचं काय? तिथल्या विद्यापीठात पॉलिमर शिकायला आपली मुलं जातात, त्यांना दाखवण्यासारखं तिथे काही आहे का?

रेवा_क

सिक्स्थ स्ट्रीटचा संग्रहालय परिसर दाखवावा: यूएसओ क्लब, युरेका शाळा आणि ओसीओला मकार्टी यांचं घर. आयुष्यभर लोकांचे कपडे धुऊन साठवलेल्या पैशातून त्यांनी १९९५ मध्ये त्याच विद्यापीठाला दीड लाख डॉलर शिष्यवृत्तीसाठी दिले. मुलांनी आधी तिथेच जावं असं मला मनापासून वाटतं.

वीट_आणि_चुना

करायचं काय, तर शेजार गमावलेल्या ज्या भिंती आज उघड्या आहेत त्या आधी. प्रत्येक भिंतीचा माथा पत्र्याने झाका, पन्हाळं मोकळं करा, तुळईच्या टोकांत सुरी खुपसून बघा. पाव इंचापेक्षा सहज आत गेली तर लगेच आतून टेकू. मग चुन्याचा गिलावा. दर्शनी रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

हिशेबनीस

आणि त्याआधी नोंदणीचा पहिला अर्ज. पूररेषा यांनी क्रम सांगितलाच आहे.

जुना_नकाशा

सगळ्यांचे आभार. आता सॅनबॉर्नच्या पानावर प्रत्येक गाळ्यापुढे तीन खुणा करायला घेतो: मालक कोण होता, पूररेषेत आहे का, आणि शेजारची इमारत कोणत्या साली गेली. तिसरी खूण आत्तापर्यंत ठेवलीच नव्हती. ५०० च्या क्रमांकांपासून सुरू करतोय, तक्ता इथेच टाकीन.